कोयरीपासून मागापर्यंत: व्हेक्टर चित्रकलेची पहिली पावलं

शाळेचा लोगो व्हॉट्सॲपवर जेपीजीत येतो. तोच युनिफॉर्मच्या खिशावर भरतकामात हवा असतो, गेटवरच्या फ्लेक्सवर हवा असतो आणि बसच्या काचेवर रेडियममध्येही. सोलापुरात ग्राफिक्सच्या कामाला नव्याने लागणाऱ्याच्या पुढ्यात पहिलं काम बहुतेक हेच येतं. जेपीजी ताणली की कडा फुटतात, कारण तिच्यात ठरावीक संख्येचे रंगीत चौकोन, म्हणजे पिक्सेल, असतात आणि त्यापलीकडची माहितीच नसते. व्हेक्टर चित्रात चौकोन नसतात. त्यात बिंदू, त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा आणि आतला रंग एवढंच साठवलेलं असतं, म्हणून ते खिशाएवढं करा नाहीतर कमानीएवढं, कड तशीच राहते.

मात्र कुंचल्याचा हात इथे फारसा उपयोगी पडत नाही. व्हेक्टरमध्ये रेष ओढण्याआधी ठरवायचं असतं की हा आकार किती कमी बिंदूंत बसेल. ज्याला हे जमलं त्याचं काम फ्लेक्सवाला, रेडियमवाला आणि मागवाला तिघंही कुरकुर न करता घेतात.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं

शहरातल्या बहुतेक फ्लेक्स आणि छपाईच्या दुकानांत कोरलड्रॉ चालतं. ते विकतचं आहे, तसंच ॲडोबी इलस्ट्रेटरही. शिकायला इंकस्केप घ्या. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. 1.3 किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, कारण आकार जोडायचं-तोडायचं 'शेप बिल्डर' हे साधन 1.3 पासून आलं आणि नवख्याचा अर्धा वेळ तेच वाचवतं. फाइल एसव्हीजी या खुल्या प्रकारात राहते. दुकानात देताना पीडीएफ काढायची. कोरल ती उघडतं.

तेलरंगाचा खरखरीतपणा किंवा जलरंगाचं ओघळणं हवं असेल तर इंकस्केपशी झटापट करू नका. त्यासाठी क्रिता आहे, तेही मोफत. क्रितात व्हेक्टर लेयर (चित्राचा थर) असतो, पण तो अक्षरं, चौकटी, संवादाचे फुगे यांच्यासाठी. तिथला कुंचला पिक्सेलमध्येच रंगवतो. हे न कळल्याने अनेक जण क्रितात सुंदर चित्र काढतात आणि शेवटी 'आता व्हेक्टर करून द्या' म्हणत दुकानाच्या दारात उभे राहतात.

8 जीबी रॅमचा साधा संगणक पुरतो. पेन टॅबलेट पहिल्या महिन्यात नसला तरी चालेल, चाकवाला माउस मात्र हवाच. लॅपटॉपच्या टचपॅडवर वक्ररेषा वळवायच्या दांड्या, म्हणजे हँडल, ओढणं ही शिक्षा आहे.

सुरुवातीच्या चार जुळण्या

इंकस्केप उघडल्यावर कंट्रोल + शिफ्ट + डी दाबा. एकक मिलिमीटर करा, पान 200 × 200 मिमी ठेवा. मग कंट्रोल + शिफ्ट + एफ दाबून रंग आणि रेषेचा फलक उजवीकडे उघडा ठेवा, तो दिवसभर लागतो. कंट्रोल + शिफ्ट + एल ने लेयरचा फलक उघडा आणि तीन लेयर करा: खाली 'रंग', मध्ये 'सावली', वर 'रेषा'.

चौथी जुळणी सगळ्यात महत्त्वाची. निवडीचं बाण-साधन घेतलं की वरच्या पट्टीच्या उजव्या टोकाला काही छोटी बटणं दिसतात. त्यातलं पहिलं म्हणजे आकार मोठा केला की रेषेची जाडीही वाढावी की नाही. ते चालू आहे का बघून घ्या. बंद असेल तर दहा पट मोठ्या केलेल्या चित्रात 1 मिमीची रेष 1 मिमीच राहते. पडद्यावर पानभर दिसणारं चित्र छापून आलं की रेषाच गायब.

कोयरी: वर्तुळातून चार बिंदूंत

चादरीच्या किनारीवर, साडीच्या काठावर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात कोयरी सगळीकडे असते. शिकायलाही तीच बरी, कारण तिच्यात गोल पोट, पोकळ बाक आणि टोक हे तिन्ही येतात. पेन-साधनाने ती शून्यातून काढता येते, पण नवख्याची कोयरी हमखास पोटात चेपते. वर्तुळापासून सुरू करा.

1. ई दाबून लंबगोलाचं साधन घ्या आणि कंट्रोल धरून वर्तुळ ओढा. मग एस दाबून बाण-साधनावर या आणि वरच्या पट्टीत रुंदी-उंची 60 मिमी भरा. रेष काढून टाका, नुसता रंग ठेवा, म्हणजे माप रेषेच्या जाडीने बिघडत नाही.

2. कंट्रोल + शिफ्ट + सी. वर्तुळ आता पाथ झालं, म्हणजे बिंदू हलवता येतील अशी रेष. एन दाबलं की वर, उजवीकडे, खाली आणि डावीकडे असे चार बिंदू दिसतात. बिंदूवर टिचकी मारली की दोन्ही बाजूंना हँडल निघतात. प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारे 0.55 पट, म्हणजे इथे साधारण 16.5 मिमी. पाव वर्तुळ या वक्ररेषेने जुळवायचं तर हँडल एवढंच लागतं. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे कुठलंही पोट, घुमट, मडकं काढताना गोलाई बिघडली तर हँडलची लांबी आधी तपासा.

3. वरचा बिंदू निवडून शिफ्ट + सी दाबा. तो आता टोकदार झाला, त्याची दोन हँडल वेगवेगळी हलतील. हाच बिंदू 30 मिमी वर आणि सुमारे 22 मिमी उजवीकडे न्या. वरच्या पट्टीतल्या एक्स-वायच्या चौकटीत आकडे घालता येतात, फक्त वायचा आकडा वरून खाली मोजला जातो, म्हणून वर जायचं तर तो कमी करायचा.

4. आता टोकाची हँडल. जे हँडल डाव्या पोटाकडे जाणाऱ्या रेषेचं आहे ते डावीकडे आणि किंचित वर ठेवा. उजव्या पोटाकडे जाणाऱ्या रेषेचं हँडल सध्या उजवीकडे बघत असेल, ते फिरवून डावीकडे खाली आणा. दोन्ही हँडल एकाच बाजूला, मध्ये चिंचोळा कोन. इथेच कोयरीला तिची मान मिळते.

5. उजव्या पोटाच्या बिंदूचं वरचं हँडल सरळ उभं ठेवून थोडं लांब करा. ओढताना कंट्रोल धरलं की ते ठरावीक कोनांतच फिरतं, त्यामुळे तिरकं होत नाही.

कोयरी झाली, चार बिंदूंत. आकार आवडला नाही म्हणून नवे बिंदू घालू नका, आधी हँडल हलवून बघा. बिंदू आकाराच्या सगळ्यात डाव्या, उजव्या, वरच्या आणि खालच्या ठिकाणी असावेत आणि टोकाचा बिंदू सोडून तिथली हँडल सरळ आडवी किंवा उभी असावीत, हा नियम बाकी कशाहीपेक्षा जास्त उपयोगी आहे. मधेच कुठेतरी घातलेला पाचवा बिंदू पडद्यावर दिसत नाही. फ्लेक्सवर तोच खड्डा होऊन उमटतो.

आतली दुसरी-तिसरी कड काढायला आकार छोटा करू नका, कारण मग टोकाकडे अंतर वेगळं पडतं आणि पोटाकडे वेगळं. कोयरी निवडून पाथ मेनूतून 'लिंक्ड ऑफसेट' द्या. बिंदू-साधनात एक छोटा ठोकळा दिसेल, तो आत ओढला की सगळीकडे सारख्या अंतराची कड तयार होते, आणि मूळ कोयरी बदलली की तीही आपोआप बदलते. अशा दोन कडा घ्या, रंग वेगळे द्या, पोटात तीन-चार ठिपके ठेवा आणि सगळं कंट्रोल + जी ने एकत्र बांधा.

किनारीसाठी कंट्रोल + डी ने दुसरी प्रत काढा, एच दाबून ती उलटी करा, दोघी शेजारी ठेवा आणि त्या जोडीचा एक गट करा. मग एडिट मेनूत क्लोन, त्यात 'क्रिएट टाइल्ड क्लोन्स', ओळ 1, स्तंभ 8. बाकी सगळं शून्यावर. पहिला क्लोन मुळाच्याच डोक्यावर बसतो. तो काढून टाका, नाहीतर अर्धपारदर्शक रंगात तेवढीच एक जोडी गडद दिसते आणि कारण सापडत नाही. क्लोनचा फायदा असा की मुळातल्या कोयरीचा रंग बदलला की सगळी किनार बदलते. गिऱ्हाईक 'मरून नको, मोरपंखी करा' म्हणतंच.

कुंचल्यासारखी रेष

इंकस्केपमध्ये हाताने ओढायची दोन साधनं आहेत. पी दाबलं की पेन्सिल. तिच्या पट्टीत 'स्मूदिंग' 30-40 ठेवा. शून्याच्या जवळ ठेवलं तर हाताचा प्रत्येक कंप बिंदू होऊन बसतो. 'शेप' मध्ये 'ट्रँगल इन' निवडलं की रेष जाड सुरू होऊन निमुळती संपते. पानाच्या शिरा, मिशा, पापण्या यांना हे चांगलं.

सी दाबलं की कॅलिग्राफीचं साधन. हे रेष काढत नाही, रेषेसारखा दिसणारा भरीव आकार काढतं, म्हणून त्याला रंग द्यायचा तो आतला. टॅबलेट असेल तर पट्टीतलं दाबाचं बटण चालू करा. दाब लागतच नसेल तर एडिट, प्रेफरन्सेस, इनपुट डिव्हाइसेस इथे पेनचं नाव दिसतं का बघा. दिसत नसेल तर टॅबलेटचा ड्रायव्हर बसलेला नाही. हात थरथरत असेल तर 'मास' 10-20 करा, रेष जरा मागून येते पण स्थिर येते.

या साधनाचा मूळ कोन 30 अंश असतो, तो रोमन अक्षरांच्या निबाचा. देवनागरीचा बोरू उलट्या बाजूने कापलेला असतो. तेव्हा कोन उणे 45 करा. मग शिरोरेषा आणि काना सारख्या जाडीचे येतात आणि अक्षराचं वळण ओळखीचं वाटतं. 30 वरच ठेवून काढलेलं 'श्री' बघितलं की काहीतरी चुकलंय एवढं कळतं, काय ते मात्र कळत नाही.

हाताने काढलेल्या रेषेत बिंदू फार होतात. कंट्रोल + एल एकदा दाबा, ते कमी होतात. भराभर पुन्हा पुन्हा दाबलं तर प्रत्येक वेळी जास्त जोराने कमी होतात आणि कोपरे गोल पडतात, म्हणून एकदा दाबून थांबा आणि बघा.

रंग भरायला बादलीचं साधन दिसतं, ते मोहात पाडतं. ते पडद्यावर दिसणाऱ्या पिक्सेलवरून हद्द शोधतं, त्यामुळे रेष आणि रंग यांच्यात पांढरी केसाएवढी फट राहते. वापरायचंच तर 'ग्रो बाय' 0.5 मिमी द्या आणि रंग रेषेच्या खालच्या लेयरवर पाठवा. त्यापेक्षा एक्स दाबून शेप बिल्डर घ्या: एकमेकांवर चढलेले आकार आधी निवडा, मग जे तुकडे जोडायचे त्यांवरून ओढत जा.

सावलीची रीत सोपी आहे. ज्यावर सावली पाडायची त्या आकाराची प्रत काढा. सावलीचा गडद आकार त्यावर ठेवा, अपारदर्शकता 30-40 टक्के करा, थोडा ब्लर द्या. मग ती प्रत सगळ्यात वर आणून सावली आणि प्रत दोन्ही निवडा, ऑब्जेक्ट मेनूतून क्लिप. सावली आकाराबाहेर सांडत नाही. ब्लर मात्र जपून. छपाईच्या पीडीएफमध्ये ब्लरचा भाग पिक्सेलच होतो आणि जुन्या यंत्रावर त्याच्याभोवती चौकट उमटू शकते. सपाट रंगांच्या दोन-तीन छटांत सावली दाखवणं सोलापुरी चादरीच्या नक्षीला तसंही जास्त शोभतं.

आलेला लोगो पुन्हा काढणं

जेपीजी इंकस्केपमध्ये ओढून आणा, शिफ्ट + ऑल्ट + बी दाबा, 'ट्रेस' करा. झालं, असं वाटतं. जवळ जाऊन बघा: एका साध्या वर्तुळात साठ-सत्तर बिंदू, अक्षरांचे कोपरे वितळलेले, कडेला करड्या चकत्या. जेपीजी दाबताना कडेजवळ जे मिश्र रंग तयार होतात, त्यांनाही ट्रेसिंग खरे आकार समजतं.

म्हणून ट्रेस फक्त वळणदार, अनियमित भागापुरता घ्या: दिव्याची ज्योत, मोराचा तुरा, एखादं चेहऱ्याचं रेखाटन. वर्तुळं, चौकोन, पुस्तक, ढाल हे सगळं मूळ चित्र 40 टक्के फिकं करून, कुलूप लावून, त्यावर नव्याने काढा. वेळ कमीच लागतो.

अक्षरं टाइप करा. मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी हे मोफत युनिकोड फॉन्ट चांगले आहेत. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना हे बघून घ्या, काही फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात आणि शाळेच्या नावात ते लगेच डोळ्यात खुपतं. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर इथे पेस्ट केला तर रोमन अक्षरांची भेळ दिसेल, कारण त्या फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तो पुन्हा टाइप करावा लागतो किंवा कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.

मजकूर पक्का झाला की एक प्रत तशीच ठेवा आणि दुसरीला कंट्रोल + शिफ्ट + सी देऊन पाथ करा. हे राहिलं की दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसतो, आणि वेलांट्या-जोडाक्षरं सुटी होऊन फ्लेक्सवर चढतात. अशी फ्लेक्स रस्त्यावर रोज दिसतात.

फाइल कुणाला द्यायची त्याप्रमाणे

फ्लेक्स. पीडीएफच्या पानाची नेहमीची कमाल बाजू 200 इंच, म्हणजे साडेसोळा फुटांच्या थोडी वर. तेव्हा फाइल एकास दहा या प्रमाणात करा: 20 × 10 फुटांची फ्लेक्स 24 × 12 इंचांच्या पानावर, आणि फाइलच्या नावातच '1-10' लिहा. कडेला खऱ्या मापाचे 3 इंच मोकळे सोडा, तिथे रिंगा ठोकतात किंवा चौकटीवर मुडपतात. दुकानदाराने पीडीएफऐवजी चित्रच मागितलं तर खऱ्या मापाला 72 डीपीआय, म्हणजे इंचाला 72 पिक्सेल, पुरतं. 10 × 8 फुटांना 8640 × 6912 पिक्सेल. एकास दहाच्या फाइलमधून काढताना डीपीआय 720 टाका. पडद्यावरचा झगझगीत पोपटी आणि निळा छपाईत मंद होणारच, कारण पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि यंत्र चार शाईंतून ते जुळवतं. एक फूटभर पट्टी आधी छापून बघा. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला ही पट्टी मागायची सोय राहत नाही, दुकानात रांग असते. त्या कामाची चाचणी डिसेंबरातच उरकून घ्या.

रेडियम. कटिंग यंत्राला रंग कळत नाही, फक्त कड कळते. रेषा असतील त्यांना कंट्रोल + ऑल्ट + सी देऊन आकार करा, ग्रेडियंट, म्हणजे एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारे रंग, काढून टाका. मग देवनागरीची खास अडचण: पाथ केलेलं प्रत्येक अक्षर सुटं असतं आणि शिरोरेषेवर शेजारच्या अक्षरावर थोडं चढलेलं असतं. यंत्र ती प्रत्येक चढलेली कड कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. गट सोडवा, सगळी अक्षरं निवडा, कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून एक करा. काचेच्या आतून लावायचं असेल तर शेवटी एच दाबून उलटं करायला विसरू नका. नाजूक पट्ट्या 2-3 मिमीपेक्षा बारीक ठेवल्या तर सोलताना तुटतात.

भरतकाम. इंकस्केपला इंक/स्टिच हे मोफत जोडसाधन लावता येतं, त्यातून टाक्यांची फाइल निघते. खिशावरच्या 7-8 सेंटिमीटरच्या लोगोत स्थापना-वर्ष आणि ब्रीदवाक्य दोन्ही बसत नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. 6 मिमीपेक्षा लहान देवनागरी अक्षरात मात्रा आणि अनुस्वार दोऱ्यात बुजतात.

मागावर जायचं असेल तर

जॅकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाला, शेवटी व्हेक्टर चालत नाही. तिथे प्रत्येक ताणा (उभा धागा) हा एक स्तंभ आणि प्रत्येक बाणा (आडवा धागा) ही एक ओळ. कुठला धागा वर उचलायचा एवढंच मागाला कळतं. पूर्वी हेच ग्राफ कागदावर एकेक घर भरून करत. तेव्हा आराखडा व्हेक्टरमध्ये आणि शेवटची फाइल पिक्सेलमध्ये, असं काम चालतं.

आधी कारखान्यातून चार गोष्टी विचारून घ्या: एका बुट्ट्याला किती ताणे, किती बाणे, इंचाला दोन्ही किती, आणि रंग किती. समजा 240 ताणे, 300 बाणे, इंचाला 40 आणि 50. म्हणजे कापडावर बुट्टा 6 × 6 इंच, चौरस. पण फाइल 240 × 300 पिक्सेलची, उभट. इथेच नवखा घोटाळा करतो: चौरस चित्र 240 × 240 करून देतो, आणि कापडावर गोल पोटाची कोयरी दबून बसकी येते.

नव्या फाइलचं एकक पिक्सेल करा, पान 240 × 300. नक्षीची एक प्रत आणा, रुंदी-उंचीमधलं कुलूप उघडा आणि दोन्ही आकडे भरून ती पानभर ताणा. पडद्यावर कोयरी उंच, किडमिडीत दिसेल, ती तशीच दिसायला हवी. सगळे रंग सपाट ठेवा आणि कारखान्याने सांगितले तेवढेच. 2 पिक्सेलपेक्षा बारीक रेष ठेवू नका, एका धाग्याची तिरकी रेष कापडावर तुटक ठिपक्यांसारखी दिसते.

मग कंट्रोल + शिफ्ट + ई, पीएनजी, 96 डीपीआय. या डीपीआयला पानावरचा एक पिक्सेल फाइलमधला एक पिक्सेल होतो. पीएनजीच्या जुळण्यांत 'अँटीएलियास', म्हणजे कडा मऊ करणं, बंद करा. तो चालू राहिला की लाल आणि पिवळ्याच्या मध्ये नारिंगी छटा येतात, आणि जॅकार्डचं सॉफ्टवेअर त्या प्रत्येक छटेला वेगळा रंग, म्हणजे वेगळी वीण समजतं. फाइल देण्याआधी ती एखाद्या चित्र-दर्शकात 800 टक्क्यांवर उघडा आणि कोयरीच्या टोकापाशी जा. प्रत्येक घर तुम्ही ठरवलेल्या रंगांपैकीच एकाचं असलं पाहिजे. एकही मधलीच छटा दिसली तर परत एक्सपोर्ट करा.